बोटीवर बॅटरीवर इंडक्शन शेगडी चालेल का? कोणत्या कंपनीची घ्यावी?

(प्रश्नातला तपशील: १० मीटरची फायबरची बोट, चार माणसं, दोन दिवसांची फेरी, घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी.)

शेगडीची कंपनी हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. आधी त्या बॅटरीचा नाद सोडा. १८०० वॅटची शेगडी इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीकडून २००० वॅट मागते, म्हणजे १२ व्होल्टवर दीडशेहून जास्त अँपिअर. ट्यूब्युलर बॅटरीवरचा १५० हा आकडा दहा-वीस तास हळूहळू वापरायचा असतो. एवढ्या ओढीला ती निम्मीही देत नाही आणि भात अर्धा कच्चा असताना इन्व्हर्टर कोकलायला लागतो.

आणि "पॉवर कमी ठेवून चालवू" हे मनातही आणू नका. स्वस्त शेगड्या ३०० वॅटवर लावल्या तरी हजार-बाराशे वॅट खेचून काही सेकंद बंद पडतात, पुन्हा खेचतात. सरासरी कमी होते, तारेतून जाणारा करंट कमी होत नाही.

खरं जळतं ते पुढे. चांगली लिथियम बॅटरी बसवूनही इन्व्हर्टर 'लो बॅटरी' दाखवतो, आणि मेकॅनिक काहीही न तपासता निकाल देतो: बॅटरी खराब निघाली. बॅटरी बदलतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी मीटर लावून बघा: शेगडी पूर्ण जोरात चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२.८ आणि इन्व्हर्टरच्या बोल्टवर १०.८. मधले दोन व्होल्ट कुठे गेले? १५० अँपिअरला दोन व्होल्ट म्हणजे ३०० वॅट, आणि ते तारेत आणि लगमध्ये (तारेच्या टोकाला बसवलेला, बोल्टवर अडकणारा धातूचा तुकडा) उष्णता होऊन जातात. लगजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं दिसेल.

कारणं ठरलेली. लग हातोडीने ठोकून चेपलेला असतो, आतल्या तारांत हवा राहते, खारी हवा शिरते आणि तांब्यावर हिरवं चढतं. किंवा नुसतं सोल्डर भरलेलं असतं. सोल्डर तारेत वर चढून ती कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. तिसरं कारण तर कोणी बघतच नाही: टर्मिनल आणि लगच्या मध्ये घातलेला स्टीलचा वॉशर. स्टेनलेस तांब्याच्या मानाने वीज फारच कमी वाहून नेतं. लग थेट टर्मिनलवर बसवा, वॉशर त्याच्या वर.

लग कथील चढवलेला, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). मग शेगडी पाच मिनिटं पूर्ण जोरात लावून मीटरचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर (लगवर नाही) आणि दुसरं इन्व्हर्टरच्या बोल्टवर धरा; आधी पॉझिटिव्ह बाजू, मग निगेटिव्ह. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एकेक जोड तपासत जा. बॅटरीला शिव्या द्यायच्या त्यानंतर.

तुमच्या बोटीला मी २४ व्होल्टच लावेन. २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर लिथियम आयर्न फॉस्फेट, त्याचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सलग १०० अँपिअर देणारा हवा. करंट ८० च्या आत येतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, ३ केव्हीए; त्याला बॅटरीपासून दोन मीटरच्या आत ठेवून ५० चौरस मिलिमीटरची तार. क्लास टी फ्यूज १५० अँपिअर, बॅटरीपासून वीतभर अंतरात. साधा फ्यूज नको. लिथियम शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडते. एसी बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

हिशेब असा: लिटरभर पाणी उकळायला बॅटरीतून साधारण ११० वॉट-अवर. चौघांचं दिवसाचं दोन वेळचं भात-कालवण आणि चहा दीड युनिटात बसतं. बॅटरीत पाच युनिट आहेत, म्हणजे फेरी चार्जिंगशिवायही निघते. इन्व्हर्टर मात्र जेवण झालं की बंद. रिकामा चालला तरी तो दिवसभर खातच असतो.

इंजिनच्या अल्टरनेटरची तार थेट लिथियमला जोडू नका. ती बॅटरी दम न खाता करंट ओढते, अल्टरनेटर तापतो. बीएमएसने मधेच तोडलं तर अल्टरनेटरचे डायोड जातात. १२ घेऊन २४ देणारा डीसी-डीसी चार्जर मध्ये हवाच.

आता राहिलेलं. सहा-सात खलाशी असतील तर हा हिशेब कोसळतो. भाकरी फुगवायला ज्वाळा लागते, ती इथे नाही. बोंबील भाजायचे तर विसरा. ॲल्युमिनियमचे टोप चालत नाहीत, बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. हेलकाव्यात भांडं उचललं गेलं की शेगडी बंद पडते, म्हणून भोवती कठडा हवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला की बोटीच्या तळाशी साचतो. जोडीला सिलिंडर ठेवणार असाल तर डेकवर, उघड्यावर.

आणि कंपनी विचारलीच आहे तर: खालचा पंखा खारी हवा आत ओढतो, त्यामुळे कुठलीही शेगडी घरच्याइतकी टिकणार नाही. महाग घेऊ नका. बटणांची घ्या, टचची नको. ओल्या, खाऱ्या बोटांना टच दाद देत नाही.