कुठे टोचते ते नेमके सांग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. शस्त्रक्रियेला सात महिने झाले, रोजच्या वापराचा कृत्रिम पाय मिळाला, त्यावर बऱ्यापैकी चालता येऊ लागले, आणि आता तुझे दोन प्रश्न आहेत: ब्लेडवर, म्हणजे पात्यासारख्या खास कृत्रिम पावलावर, धावायला सुरुवात कधी करू, आणि ‘माझी जिद्द’ या विषयावर भाषण देण्याचे जे आमंत्रण आले आहे त्याला काय उत्तर देऊ. तुला हे दोन निराळे प्रश्न वाटतात. मला ते एकाच प्रश्नाचे दोन तुकडे वाटतात, आणि ते का, हे सांगायचे तर पत्र थोडे लांबेल.

माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिले सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला भाग जिच्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, बसवून झाल्यावर कृत्रिम पाय बनवणाऱ्या प्रोस्थेटिस्टने विचारले, “कसे वाटते?” मी म्हटले, “छान.” पुढच्या भेटीतही छान, त्यापुढच्या भेटीतही छान. माणूस एवढे कष्ट घेतो आहे, त्याला पुन्हापुन्हा नावे कशी ठेवायची, असा माझा संकोच होता. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, बारीक हाडाचे डोके हाताला लागते. तिथे सॉकेट घासत होते आणि मला ते ठाऊक होते. तरीही मी त्यावर महिनाभर चालले. जखम झाली, ती चिघळली आणि पुढचे सहा आठवडे मी कुबड्यांवर काढले. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नव्हता.

त्यानंतर ज्या वयस्कर तंत्रज्ञाकडे गेले त्यांनी सुरुवातीलाच बजावले, “ताई, ‘दुखते’ या शब्दाचा मला उपयोग नाही. बोट ठेवून दाखवा.” त्यांनी स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर, लिपस्टिकचा ठिपका लावला, मला सॉकेट घालून उभे केले, चार पावले चालवले, आणि सॉकेट काढून आत कुठे रंग उमटला ते दाखवले. तळाशी त्यांनी मळलेल्या मातीची छोटी गोळी टाकली होती. ती किती चेपली यावरून स्टंपचे टोक तळाला टेकते की अधांतरी राहते ते कळले. मग पारदर्शक प्लास्टिकचे चाचणी-सॉकेट आले. त्यातून माझीच कातडी मला दिसत होती, आणि जिथे दाब जास्त होता तिथे ती पांढरी पडत होती. त्या जागी गरम हवेच्या यंत्राने प्लास्टिक मऊ करून त्यांनी जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर ढकलले. महिनाभराचे दुखणे दोन मिलिमीटरचे होते. गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांना तर सॉकेटची कड थेट जांघेत लागते. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, अशी त्यांची गत होते आणि ते आणखीच गप्प बसतात. तू गप्प बसू नकोस.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की धावण्याचा मुहूर्त कॅलेंडर ठरवणार नाही, तुझा स्टंप ठरवील. त्याचा रोजचा क्रम नीट समजून घे. सकाळी तो भरलेला असतो; दिवसभर दाबाखाली राहून आकसत जातो; संध्याकाळपर्यंत सॉकेट सैल होते, पाय आत खाली सरकतो आणि सकाळी जिथे काही लागत नव्हते तिथे हाड टेकू लागते. म्हणून पिशवीत स्टंपवर चढवायचे जादा मोजे ठेवायचे आणि सैल वाटताच एकेक वाढवत जायचे. कोणत्या वेळी किती मोजे लागले याची वहीत नोंद कर. सिलिकॉनचा लायनर, म्हणजे सॉकेटखाली स्टंपवर चढवायचे अस्तर, रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन वाळत घाल, कारण घाम आणि साबणाचा अंश दोन्ही कातडीला सोसत नाहीत. हातात आरसा धरून स्टंपचा मागचा आणि खालचा भाग बघ. कृत्रिम पाय काढल्यावर दिसणारी लाली पंधरा-वीस मिनिटांत ओसरली नाही तर दुसऱ्या दिवशी सराव नाही, मग स्पर्धा तोंडावर असली तरी. झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायचा मोह होईल. घेऊ नकोस, गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि आखडलेल्या गुडघ्याने धावता येत नाही. नसलेल्या पावलाला कळ येते, अंगठा पिळवटतो, हे तू बिचकत लिहिले आहेस. तो वेडेपणा नाही; त्याला फँटम पेन म्हणतात, ते बहुतेकांना कमीअधिक होते आणि त्यावर औषधे व आरशात धड पायाचे प्रतिबिंब बघण्याचा उपचार दोन्ही आहेत. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल.

आता ब्लेड. १९७६ मध्ये पाण्यावर स्कीइंग करताना व्हॅन फिलिप्स नावाच्या अमेरिकन तरुणाचा गुडघ्याखालचा पाय गेला. त्या काळचे कृत्रिम पाऊल त्याला पसंत पडेना, म्हणून पुढे त्याने कार्बन फायबरचे, स्प्रिंगसारखे वाकून सरळ होणारे पाऊल स्वतःच घडवले, आणि आजचे धावण्याचे ब्लेड त्याच वंशातले आहे. परंतु लोकांना वाटते तसे ते काही इंजिन नव्हे. तुझ्या वजनाने ते दाबले जाते आणि साठलेली ऊर्जा परत देते, तीही घेतली त्यापेक्षा कमीच. पोटरीचे स्नायू जशी नवी ताकद लावतात तशी ते लावू शकत नाही. ती ताकद तुला मांडीतून आणि नितंबातून काढावी लागेल, म्हणून पहिले काही महिने धावण्यापेक्षा व्यायामशाळेत जास्त जातील. ब्लेडची ताठरता तुझ्या वजनावर ठरते. वजन बरेच वाढले किंवा घटले तर तेच ब्लेड परके वाटू लागते. त्याला टाच नसते, त्यामुळे त्यावर स्वस्थ उभे राहता येत नाही, आणि शर्यतीआधी आम्ही सगळे जागच्या जागी डुलत असतो ते काही घाबरल्यामुळे नव्हे. आणखी एक बारकावा: धावपट्टीवर नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे वळणावर डावा पाय आतल्या बाजूला येतो, आणि ज्यांचे ब्लेड डाव्या पायाला आहे त्यांचा वेग वळणावर जास्त मार खातो. मी दोनशे मीटर सोडून लांब उडीकडे वळले त्यामागे हेही एक कारण होते. तुझा उजवा पाय गेला आहे. वळण तरी तुझ्या बाजूचे आहे.

टेरी फॉक्सचा फोटो खोलीत लावल्याचे तू लिहिले आहेस. त्याच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. हाडाच्या कर्करोगाने १९७७ मध्ये उजवा पाय गेला, आणि १९८० मध्ये कर्करोग-संशोधनाला निधी मिळावा म्हणून तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला; १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, तेही चालण्यासाठी बनवलेल्या पायावर. रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो गेला. त्याचा स्टंप रक्तबंबाळ होत असे आणि तो धावत राही. त्याच्याजवळ वेळ नव्हता. तुझ्याजवळ आहे. त्याचा फोटो भिंतीवर राहू दे, पण त्याच्या जखमांचा कित्ता गिरवू नकोस.

स्पर्धेत उतरायचे ठरवलेस की अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट ठरवणारे वर्गीकरण आलेच. एका पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून धावणाऱ्यांचा गट टी-६४, गुडघ्याच्या वर असेल तर टी-६३. फेकीच्या प्रकारांत ‘टी’च्या जागी ‘एफ’. गट ठरवण्यासाठी तपासणी करणाऱ्यांसमोर आपले अपंगत्व कमी दाखवायचे नाही आणि जास्त तर मुळीच दाखवायचे नाही. आज हे गट गृहीत धरले जातात, पण १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला व्हीलचेअरवरच्या सोळा सैनिकांच्या तिरंदाजीने अपंगांच्या खेळांची ही चळवळ सुरू झाली आणि १९६० मध्ये रोमला पहिले पॅरालिम्पिक भरले, तरी पाय किंवा हात गमावलेल्यांना त्यात प्रवेश मिळायला १९७६ साल उजाडावे लागले. धावणे जमले नाही तर पोहण्याचा विचार कर. तिथे कृत्रिम पाय काढूनच पाण्यात उतरायचे असते. दक्षिण आफ्रिकेची नताली दु त्वा हिने अशा एका पायाने २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये, पॅरालिम्पिकमध्ये नव्हे, खुल्या पाण्यातल्या पोहणाऱ्यांबरोबर दहा किलोमीटर पार केले आणि ती सोळावी आली.

थोडा चांगला धावू लागलास की ब्लेडमुळे तुला फायदा मिळतो, असे कुणीतरी म्हणेलच. ब्लेडवर धावणाऱ्या जर्मनीच्या मार्कुस रेमने २०१४ मध्ये ८.२४ मीटर लांब उडी मारून धडधाकट खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि युरोपीय स्पर्धेच्या संघातून त्याला याच शंकेपायी वगळले गेले. पुढे नियमच असा झाला, की फायदा होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावे. म्हणजे महागड्या प्रयोगशाळांचा खर्चही त्यानेच करायचा. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दोन्ही पायांना ब्लेड असलेल्या ब्लेक लीपर या धावपटूच्या प्रकरणात हा भार खेळाडूवर टाकणे गैर ठरवले. गंमत अशी, की लीपर स्वतः ते प्रकरण हरला, कारण त्याच्या ब्लेडची उंची त्याला फायदा देते असे लवादाला आढळले. मला हा निकाल दोन्ही अंगांनी पटतो. वाद कुणी कुणाचे किती कौतुक करावे याचा नव्हता. कुणी काय मोजून दाखवायचे, याचा होता.

इथून तुझा दुसरा प्रश्न सुरू होतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला धैर्याबद्दल पुरस्कार दिला. व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. माझ्याबरोबर व्हीलचेअर वापरणारे एक गृहस्थ सत्काराला होते. चार स्वयंसेवकांनी त्यांना खुर्चीसकट उचलले, सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि खुर्ची एका बाजूला कलली तेव्हा त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली ती पहिल्या रांगेलाही दिसली नसावी; मी शेजारी होते म्हणून मला दिसली. त्या दिवशी मी भाषणात जिद्दीबद्दलच बोलले. टाळ्या घेतल्या आणि घरी आले. पहिल्या सॉकेटला मी ‘छान’ म्हटले होते, तसेच हेही झाले, हे कळायला मला दोन दिवस लागले.

मग मी त्या संस्थेला पत्र लिहिले. समाजाच्या दृष्टिकोनाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. पायरी पंधरा सेंटिमीटरची, तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस. एकास बारा या उताराने रॅम्पची लांबी पाच मीटर चाळीस सेंटिमीटर होते. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला सात मीटर मोकळी जागा आहे. दोन्ही बाजूंना कठडा हवा. एवढेच. पुढच्या वर्षी रॅम्प होता. दृष्टिकोन बदलला की नाही मला ठाऊक नाही.

अपंगत्वाने आपण लोकांना प्रेरणा द्यावी, ही अपेक्षा नवी नाही. ऑस्ट्रेलियाच्या पत्रकार आणि कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी तिच्यावर कडक टीका केली होती, आणि त्या स्वतः व्हीलचेअर वापरत असल्यामुळे ती लोकांना ऐकून घ्यावी लागली. मी त्यांच्याइतकी कठोर नाही. जॉर्ज आयझरने १९०४ च्या ऑलिम्पिकमध्ये लाकडी पायाने जिम्नॅस्टिक्सची सहा पदके एकाच दिवशी जिंकली, हे वाचून मलाही हुरूप आला होता. पण श्रोत्यांना हुरूप आणून आपण घरी जायचे आणि पायऱ्या जिथल्या तिथे राहायच्या, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. अपंग म्हणावे, दिव्यांग म्हणावे की आणखी काही, यावर तास घालवणाऱ्या सभांबद्दलही माझे हेच मत आहे.

म्हणून आमंत्रण स्वीकार, पण विषय बदलून माग. मानधनही माग, डॉक्टर, वकील बोलायला आले की मिळते, तुला का नको? आधी जाऊन सभागृह बघ, मोजपट्टी घेऊन जा. भाषणात अपघात दोन वाक्यांत संपव आणि मागणी एकच ठेव. उदाहरणार्थ, रोजच्या पायाला मदत देणाऱ्या योजना धावण्याच्या पायाला बहुधा चैन समजतात, आणि वाढत्या वयाच्या मुलाचे सॉकेट वरचेवर बदलावे लागते, याचा हिशेब कुणीच धरत नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ चा आहे. त्याच्या ३०व्या कलमात खेळात सहभागी होण्याचा हक्क आहे आणि ९व्या कलमात इमारतींपासून वाहतुकीपर्यंतच्या सुगम्यतेचा. ती कलमे वाचून जा. समोरच्या अधिकाऱ्याने वाचली असतीलच असे नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळ. अपंगत्वाच्या जगातही उतरंड आहे आणि तिच्यात आपण वर बसलो आहोत. ब्लेड फोटोत देखणे दिसते. लघवीची पिशवी, थरथरणारे हात, अडखळणारी वाणी देखणी दिसत नाही. त्यामुळे सगळ्यांच्या वतीने बोलायला तुलाच बोलावतील. अंध व्यक्तीला धावपट्टीवर काय अडते ते तुला ठाऊक नाही, जसे तुझ्या सॉकेटमध्ये काय टोचते ते तिला ठाऊक नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. तेव्हा सोबत आणखी कुणाला बोलावता येईल ते आयोजकांना विचार, आणि तुझ्या वाट्याच्या वीस मिनिटांतली दहा त्या व्यक्तीला दे.

पुढच्या पत्रात शंभर मीटरची वेळ कळवायची घाई करू नकोस. सकाळी किती मोजे घातले होतेस आणि संध्याकाळी किती झाले, त्याची पंधरा दिवसांची नोंद पाठव. आणि त्या सभागृहाच्या पायऱ्यांची उंचीही.

तुझी,
एक जुनी खेळाडू