बाळ ठणठणीत असेल तरी टाचेतून रक्त घेऊन न्यूबॉर्न स्क्रीनिंग करावं का?

पुढच्या महिन्यात बायकोची डिलिव्हरी आहे, डॉक्टर जन्मजात आजार शोधणारी ही टेस्ट सुचवतायत, पण आई म्हणते दोन्ही घरांत कुणाला असलं काही नाही, एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं, असं तुम्ही लिहिलंय. दादा, कराच. माझ्या सासूबाईंचंही हेच म्हणणं होतं आणि खरं सांगते, मलाही ते पटलेलं.

मुलगा तीन दिवसांचा असताना नर्सने त्याची टाच जरा शेकली, कडेला बारीकसं टोचलं आणि जाड कागदावर छापलेल्या गोलांमध्ये रक्ताचे थेंब घेतले. रडला, अंगावर घेतल्यावर शांत. मग लॅबचा फोन, जी-सिक्स-पीडी कमी दिसतंय, परत रक्त द्या. दिलं, आणि तेच निघालं. लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असतं यात, त्यावर औषध नाही, टाळायच्या गोष्टींची यादी मिळते, मलेरियाचं प्रायमाक्विन वगैरे, आणि त्यात डांबराच्या गोळ्या! मी हादरलेच, कारण माहेरी आईने माझी लहानपणीची झबली, दुपटी ट्रंकेत त्याच गोळ्या घालून जपलेली आणि बारशाला तीच काढायची होती. त्या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही अशा बाळाच्या लाल पेशी फुटू शकतात, कावीळ एकदम वाढते. आईने त्याच दिवशी ट्रंक घराबाहेर काढली.

आता घरात कुणाला नाही म्हणता, तर हा दोष माझ्याकडूनच गेलाय, एक्स क्रोमोसोमवरून, आणि मला आयुष्यात कधी काही झालेलं नाही. बाकीच्या बऱ्याच आजारांत आईवडील दोघंही कॅरियर, म्हणजे दोष अंगात असून स्वतः ठणठणीत असतात, तरी प्रत्येक बाळाला आजार होण्याची 25 टक्के शक्यता राहते, नात्यात लग्न झालं असेल तर जास्त लक्ष द्या.

कोणकोणते आजार तपासतात त्याची लिस्ट मागून घ्या, निदान थायरॉइड, सीएएच (किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात दोष) आणि जी-सिक्स-पीडी हवंच. जन्मजात थायरॉइड दरवेळी आनुवंशिक नसतो पण बाळ वरून छान दिसतं आणि आतून मेंदूची वाढ अडते, पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, एवढी स्वस्त गोळी! सीएएचच्या एका प्रकारात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास शरीरातलं मीठ इतकं घसरतं की जिवावर बेततं. माझी बहीण इंग्लंडमध्ये आहे, तिथे साधारण पाचव्या दिवशी, म्हणजे आपण पाचवी पुजतो तेव्हा, मिडवाइफ घरी येऊन थेंब घेऊन जाते, सगळ्याच बाळांचे, फुकट. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी स्वतःच मागावं लागतं.

रक्त 48 ते 72 तासांत घ्यायला सांगा, पहिल्याच दिवशी घेतलं तर थायरॉइडचा आकडा उगाच जास्त येतो. आणि पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार ठरला असं नाही, दुसरी टेस्ट होईपर्यंत घाबरू नका पण एक दिवसही लांबवू नका.

फॉर्मवर नंबर मात्र नीट द्या, बायको माहेरी जाणार असेल तर तिकडचाही. आमचा फोन सासरी लागला होता आणि मी होते अकोल्याला.