धुरात शिरलेल्या फायरमनना स्मार्ट चष्मे दिले तर एकमेकांवर लक्ष ठेवणं सोपं जाईल का?

रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या फायर टीममध्ये मी 11 वर्षं आहे. चष्म्याचा उपयोग होईल, पण आमचा जीव ज्यावर टांगलेला असतो ती वस्तू फार साधी आहे.

बीए सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क. त्याच्या पट्ट्याला मुठीएवढी डबी असते. आत शिरण्याआधी तिची चावी उपसून बाहेरच्या बोर्डावर लावायची. चावी निघाली की डबी चालू. कोण आत गेलं, किती वाजता, सिलिंडरमध्ये किती बार हवा, हे सगळं बोर्डावर लिहिलेलं. माणूस वीसेक सेकंद हलला नाही की ती किणकिणायला लागते, एकूण अर्धं मिनिट झालं की कर्कश बोंबलते.

पण पाण्याची नळी धरून एका जागी बसलात तरी ती वाजते! मग जो तो कंबर हलवून तिला गप्प करतो. एकदा धुराच्या खोलीत सराव चालू होता. एका नव्या पोराचा बूट पाइपच्या रॅकमध्ये अडकला. डबी पूर्ण आवाजात ओरडत होती आणि माझ्यासकट तिघांनी मान वळवली नाही. शेवटी बोर्डावरचे साहेब वॉकीटॉकीवर ओरडले, "अरे, कुणाची वाजतेय ते बघा!" त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरा प्रश्न माणूस नेमका कुठे आहे याचा. अमेरिकेत वुस्टर शहरात 3 डिसेंबर 1999 रोजी एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत कुणी बेघर असेल म्हणून शोधायला गेलेले दोघे वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. तिथल्याच पॉलिटेक्निकने पुढे इमारतीच्या आत माणसाचा ठावठिकाणा शोधायच्या तंत्रावर काम केलं. जीपीएस आतवर धड पोचत नाही. म्हणून बुटात हालचाल मोजणारा सेन्सर बसवायचा, मजल्यासाठी हवेचा दाब मोजायचा. पाऊल जमिनीवर टेकतं तेव्हा क्षणभर त्याचा वेग शून्य असतो, त्यावरून सेन्सर आपली साचलेली चूक दुरुस्त करतो. पण धुरात आम्ही चालत नाही, रांगतो. तिथेच सगळा हिशोब बिघडतो.

मास्कमध्ये थर्मल, म्हणजे उष्णतेवरून बनलेलं, चित्र दाखवणारे पडदे चांगलेच आहेत, मात्र थर्मल कॅमेऱ्याला काचेपलीकडचं दिसत नाही. पैसे मोजकेच असतील तर आतल्यांच्या जागा बोर्डावरच्या माणसाला दिसाव्यात, यावर मी ते आधी खर्च करीन. आतल्याचे हात आणि डोळे आधीच गुंतलेले असतात.

त्या सरावानंतर आमच्याकडे डबी वाजली की जवळचा माणूस नाव घेऊन हाक मारतो. ओ आली नाही तर हातातलं काम तिथेच सोडायचं.