मध्यंतरानंतरचा अर्धा सिनेमा

तुमचा प्रश्न असा आहे: ‘दहा-वीस वर्षांनी जुने सिनेमे पुन्हा बघितले तर मत बदलतं का? गाजलेले आणि पडलेले, दोन्हीतली उदाहरणं सांगा. आणि जे तेव्हा चाललेच नाहीत, ते आता बघण्यात काही अर्थ आहे का?’

मत बदलतं. उदाहरणं पुढे देतो. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावरून आमच्या घरात इतकी वर्षं भांडण चालू आहे, की हात आधी तिकडेच गेला. ‘जे चाललं नाही ते चांगलंच नव्हतं, पब्लिकला सगळं कळतं,’ हे माझ्या मामाचं वाक्य. लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठेही सिनेमाचा विषय निघाला की मामा हे वाक्य टाकतो आणि वर उदाहरण एकाच सिनेमाचं देतो: ‘एक होता विदूषक’.

१९९२ साली मी अकरा वर्षांचा होतो. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, दहा बाय बाराच्या खोलीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातारकडचे. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १९८२ चा संप झाला, त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही, मग शिवडीला एका गोदामात वॉचमन म्हणून लागले. संपानंतर अण्णा फारसे बोलायचे नाहीत. हसायचे ते फक्त लक्ष्याला, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेला. ‘धूमधडाका’, ‘दे दणादण’, ‘बनवाबनवी’. टीव्हीवर लक्ष्या दिसला की अण्णांच्या पोटातून हसू यायचं आणि आई हातातलं काम सोडून सिनेमाऐवजी अण्णांकडेच बघत बसायची. त्यामुळे मामाला बोनस मिळाला तेव्हा त्याने सगळ्यांना लक्ष्याचा नवा सिनेमा दाखवायचं ठरवलं. तिकिटं त्याने काढली, हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकतो.

परळच्या थिएटरात रविवारी दुपारचा खेळ. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आणि पडद्यावरचा लक्ष्या वेगळाच. तमासगिरिणीचा पोरगा, फडात वाढलेला, सोंगाड्या होतो. मधू कांबीकर त्याची आई. ज्या प्रसंगात लोक हसायला सरसावून बसले, तिथे लक्ष्या गप्प राहायचा. मागून कोणीतरी ओरडलं, ‘ए लक्ष्या, हसव की!’ मग शिट्ट्या सुरू झाल्या. मलाही कंटाळा आला होता. मध्यंतरात अण्णांनी कागदात बांधून सामोसे आणले आणि मी भोकाड पसरलं, घरी जाऊया. मामा म्हणाला, ‘दाजी, चला. रडका सिनेमा आहे. पैसे गेले तर गेले.’ अण्णा तिकिटांचे अर्धे तुकडे हातात धरून दरवाज्यापाशी उभे राहिले. पडद्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा. मग ते तुकडे शर्टाच्या खिशात घातले आणि मला कडेवर घेतलं. अकरा वर्षांच्या पोराला कडेवर घेतलं. आम्ही निघालो.

पुढची कित्येक वर्षं मीसुद्धा मामाचीच री ओढत होतो. कॉलेजात छातीठोकपणे सांगायचो की लक्ष्याने हा सिनेमा करायलाच नको होता. आणि मी तो अर्धाच बघितला होता.

२०१९ साली अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीपासूनच धूसर दिसायचं, आणि टीव्हीकडे बघायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. माणूस दिवसभर खाटेवर पडून कंटाळलेला. मी मोबाईलवर काहीतरी लावतो म्हटलं, तर म्हणाले, ‘त्यो विदूषक मिळतो का बघ. उरलेला.’

‘उरलेला’ हा शब्द मला पहिल्यांदा कळलाच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या रविवारनंतर पुढच्या शुक्रवारी ड्युटी बदलून घेऊन ते एकटेच उरलेला सिनेमा बघायला गेले होते. पोचले तर बाहेरचं पोस्टर बदललेलं. सिनेमा उतरला होता. खिशात ते तिकिटाचे तुकडे घेऊन गेले होते म्हणे, डोअरकीपर दया येऊन आत सोडेल अशा आशेने. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही.

मी फोन त्यांच्या उशीजवळ ठेवला. अण्णांनी तो सिनेमा पाहिला नाही, ऐकला. ढोलकी सुरू झाली तसा त्यांचा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर गेला, बोटं वाजायला लागली. तुणतुणं आलं तिथे मान हलली. फडातली सवाल-जवाबाची जुगलबंदी चालू असताना त्यांचे ओठ हलत होते, पुढचं उत्तर काय असेल ते मनात जुळवत असल्यासारखे. आणि मला समजलं की १९९२ साली त्या थिएटरात हा सिनेमा कशाबद्दल आहे हे पक्कं ठाऊक असलेले जे थोडे लोक होते, त्यातल्या एकाला आम्ही उठवून नेलं.

कारण अण्णा तरुण असताना पगाराच्या रात्री लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला जायचे. खानावळीत जेवणारे, गावाकडे बायका-पोरं ठेवून आलेले हजारो गिरणी कामगार हा मुंबईतल्या तमाशाचा प्रेक्षक होता. गण, गौळण, बतावणी, मग वग, हा तमाशाचा क्रम. गौळणीतली मावशी, तिला चिडवणारा पेंद्या, आणि सोंगाड्या, जो पाटलापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही तोंडावर बोलू शकतो. संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले तेव्हा नुसत्या नोकऱ्या गेल्या नाहीत, पगाराची रात्रच गेली. फडाला मुंबईत कोण येणार? ‘विदूषक’ आला तोवर थिएटरातल्या बहुतेकांना सोंगाड्या म्हणजे ‘कॉमेडी करणारा’ एवढंच ठाऊक होतं. माझ्यासकट.

आता सिनेमाबद्दल. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’वाले. पटकथा पु. ल. देशपांड्यांची. ‘गुळाचा गणपती’ १९५३ चा, त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी पु. ल. सिनेमासाठी लिहायला बसले. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनाही मिळाला. आणि मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे, गिरगावात वाढलेला, साहित्य संघात नोकरी करता करता नाटकाला लागलेला, तोवर फक्त हसवण्यासाठी ज्याला पैसे मिळत होते तो. गोष्ट काय आहे? साऱ्या राज्याला हसवणाऱ्या माणसाची स्वतःची पोर हसत नाही. पुढारी त्याचा आवाज स्वतःसाठी वापरून घेतात आणि त्याला ते उशिरा कळतं. हे लक्ष्यानेच करायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही गंभीर नटाने केलं असतं तर तो अभिनय झाला असता. लक्ष्याच्या चेहऱ्यावर आपल्या सगळ्यांच्या हसण्याचं ओझं आधीपासून होतं, ते तो या सिनेमात उतरवून ठेवतो. शेवटच्या भागात तो पोरीला गोष्ट सांगून हसवायला बघतो ना, तिथे अण्णांनी दांडीवर वाजवणं थांबवलं. पट्टीखालून पाणी आलं. डोळ्याला त्रास होईल म्हणून मी फोन बंद करायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. ‘ऱ्हाऊ दे. ह्या येळी संपू दे.’

लक्ष्या १६ डिसेंबर २००४ ला गेला. पन्नाशीचा होता. या सिनेमातल्या कामाचं चीज व्हायला हवं तसं झालं नाही आणि आपण प्रेक्षकांनी त्याला पुन्हा त्याच त्या धांदलीच्या सिनेमांत ढकललं. ही चूक आपली आहे. पब्लिकला सगळं कळतं हे साफ खोटं आहे. पब्लिकला त्या आठवड्यात काय हवं होतं तेवढं कळतं. ‘शोले’ला १९७५ साली पहिल्या दिवसांत धंद्यातल्या जाणकारांनी पडला म्हणून सांगितलं होतं. पुढे तोच मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला. ‘शोले’ला थांबायला वेळ मिळाला म्हणून आज त्याचं कौतुक आहे. ‘विदूषक’ आमच्या थिएटरातून शुक्रवारी उतरला.

गाजलेल्यांबद्दल विचारलंत, तर ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आज मला पूर्वीपेक्षा जास्त आवडतो. लहानपणी साडी नेसलेला लक्ष्या बघून हसायचो. आता दिसतं की हा सगळा सिनेमा भाड्याच्या खोलीसाठी आहे. चार माणसांना छप्पर मिळत नाही म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. मुंबईत खोली शोधलेल्या माणसाला त्यातली घालमेल वेगळी सांगायला नको. मी स्वतः लग्नानंतर अकरा महिन्यांच्या करारावर चार घरं बदलली आहेत, दर वेळी घरमालकासमोर त्यातल्या अशोक सराफांचा तोच धनंजय माने चेहऱ्यावर आणून. शिवाय तो लिहिलाय वसंत सबनीसांनी, ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य लिहिणाऱ्याने. औषधाचे सत्तर रुपये ‘वारले’ असं अशोक सराफ घरमालक झालेल्या सुधीर जोशींना सांगतात तो प्रसंग कान देऊन ऐका. ती शुद्ध बतावणी आहे. एकाने सरळ विचारायचं, दुसऱ्याने तिरकं उत्तर द्यायचं, आणि विचारणाराच हळूहळू कोड्यात पडायचा. हे मला अण्णांनी दाखवून दिलं, पट्टी काढल्यानंतरच्या आठवड्यात. म्हणजे ज्या तमाशाला कंटाळून आम्ही ‘विदूषक’मधून उठलो, त्याच तमाशाच्या जिवावर ‘बनवाबनवी’त पोट धरून हसलो होतो.

‘माहेरची साडी’ (१९९१) मात्र मला आता बघवत नाही. आमच्या चाळीतल्या बायका घोळक्याने गेल्या होत्या, आई दोनदा गेली. अलका कुबलचं काम खोटं नाही, उषा नाडकर्णींची सासू आजही अंगावर येते. पण पोरीने सगळं सोसावं आणि त्या सोसण्यालाच आरती ओवाळावी, हे त्या सिनेमाचं म्हणणं आहे आणि ते वाईट आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी १९८२ साली ‘उंबरठा’ येऊन गेला होता. स्मिता पाटील त्यात घराबाहेर पडते, परत येते, नवऱ्याने दुसरी बाई जवळ केलेली आहे हे ऐकते, आणि पुन्हा बाहेर पडते. कोणी तिला हाकललेलं नाही, तीच जाते. १९८२ साली हे सांगून झालं होतं आणि १९९१ साली आपण रांगा लावल्या त्या साडीसाठी. दोन्ही लागोपाठच्या दिवशी बघा. माझ्या बायकोने आणि मी बघितले. ‘साडी’ तिने अर्ध्यात बंद केला, ‘उंबरठा’ संपल्यावर बराच वेळ दिवा लावू दिला नाही.

हिंदीतलं एकच सांगतो. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हाही एनएफडीसीचा, मुंबईतच घडणारा, तेव्हा बेताचाच चाललेला. बिल्डर, महापालिकेचा अधिकारी, पडलेला पूल. बाकी काही समजावून सांगायची गरज मुंबईकराला नाही. त्यातल्या भक्ती बर्वेंसाठी तरी बघा.

आता काही गोष्टी कबूल करायला हव्यात. पडलेला प्रत्येक सिनेमा हिरा असतो असं मी म्हणत नाही. बहुतेक पडायच्याच लायकीचे असतात. ‘विदूषक’मधला राजकारणाचा भाग मला आजही घाईत उरकलेला वाटतो, आणि सिनेमा लांबलाय हे खरं आहे. अकरा वर्षांच्या पोराला तो दाखवू नका. आणि ‘माहेरची साडी’बद्दल मी जे लिहिलं ते सिनेमाबद्दल. आई त्यात का रडली हे मी तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘घरात रडायला जागा कुठे होती?’ दहा बाय बाराची खोली, संप, सासू. त्या अंधारात तिला तीन तास मिळाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मामा आता डोंबिवलीला असतो. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या साखरपुड्यात पुन्हा तेच निघालं. ‘मी पैसे टाकले होते, मला माहितीये तो कसा होता.’ या वेळी मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘मामा, मध्यंतरानंतर काय होतं सांग.’ तो म्हणाला, ‘असंच सगळं, रडकं.’ अण्णा बाजूच्याच खुर्चीत होते. हातातली बशी खाली ठेवून ते म्हणाले, ‘नाय. पोरगी हसत नसती.’ आणि त्यांनी सगळा उत्तरार्ध सांगितला, मांडवात, अर्धा तास, मधेमधे खुर्चीच्या हातावर ढोलकी वाजवत. मामाने एकदाही मधे तोंड घातलं नाही.

त्या रात्री मी मामाला सिनेमाची लिंक पाठवली. दोन निळ्या खुणा कधीच आल्या आहेत. मध्यंतर कितव्या मिनिटाला आहे तेही खाली लिहून दिलंय, म्हणजे त्याला तिथून पुढे बघता येईल.