गोव्यात जुना गिटार अँप आणि गिटार घेताना काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा, की पर्यटनाचा हंगाम संपताना हणजूण-कळंगुट पट्ट्यातले वादक सामान विकतात, त्यातून दहा हजारांच्या आत छोटा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आणि इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का, आणि घेतल्यावर त्यात काय बदलावं. जरूर घ्या. मात्र हे सामान खाऱ्या हवेत वाजलेलं आहे, हे धरूनच तपासा. अशा अँपमध्ये बऱ्याचदा काही जळलेलं नसतं, नुसते कॉन्टॅक्ट (विजेचे सांधे) गंजलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे क्लीनरचा एक डबा आणि तासाभराची मेहनत. जळलेला ट्रान्सफॉर्मर बदलणं मात्र स्वस्त अँपला परवडतच नाही. हा फरक तिथल्या तिथे ओळखता आला पाहिजे.

जाताना खात्रीची गिटार केबल, एक छोटी पॅच केबल (दोन्ही टोकांना गिटारचा प्लग असलेली), हेडफोन, मल्टिमीटर आणि टॉर्च न्या. प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. तिच्यावर फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तो अँप अमेरिकेतला आहे. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलात तर जळेल. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पट्टीवरच्या वॅटच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा. तो खर्च धरूनच भाव करा.

चालू करताना स्पीकरकडे बघा. बारीकसा ‘ठप’ झाला तर हरकत नाही. पण कोन बाहेर ढकलला जाऊन तिथेच थांबला आणि जोरात घुं घुं सुरू झाली, तर लगेच बंद करा. आउटपुटचा आयसी किंवा ट्रान्झिस्टर गेलेला आहे. आवाजच येत नसेल तर हेडफोन लावून पाहा. हेडफोनमध्ये येतो आणि स्पीकरमध्ये येत नाही, असं असेल तर स्पीकरची वायर, स्पीकर किंवा हेडफोन जॅकमधला स्विच तपासायचा. आवाज क्षीण, फाटका किंवा मधूनच गायब होत असेल आणि मागे ‘सेंड’ व ‘रिटर्न’ अशी (बाहेरचे इफेक्ट जोडायची) भोकं असतील, तर दोन्हींत पॅच केबल घाला. आवाज एकदम मोकळा झाला, तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या गंजलेल्या पत्तीचा. असा अँप ‘बिघडलेला’ म्हणून अर्ध्या किमतीत मिळाला तर सोडू नका.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर अँप बंद करून, प्लग काढून, पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. साधं डब्ल्यूडी-४० इथे वापरू नका. ते तेलकट थर सोडतं आणि त्यावर धूळ बसते. साफ करूनही खरखर लगेच परत आली तर त्या पॉटवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) येतोय, म्हणजे पॉटच्या अलीकडचा कपॅसिटर गळतोय. इनपुटचा प्लग हलवल्यावर आवाज तुटत असेल तर बोर्डावरच्या जॅकच्या सोल्डरला चीर गेलेली असते. जुनं सोल्डर काढून नवं घाला.

गुणगुण कुठून येते ते ओळखायला केबल काढा. केबल नसताना, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ती तेवढीच राहिली, तर फिल्टर कपॅसिटर (अँपची वीज सपाट करणारे) सुकले असण्याची शक्यता मोठी. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअस लिहिलेले घ्या आणि प्लस-मायनस उलटं करू नका. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप मात्र घरी उघडू नका. बंद केल्यावरही त्यात तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात, आणि त्याने जीव जातो.

खोक्याचा तळ टॉर्चने बघाच. भुशाच्या फळीचं खोकं ओल धरून फुगतं, प्लायला वाळवी लागते. फुगलेल्या खोक्यात स्क्रू धरत नाहीत. स्पीकरचा कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल अडकतेय. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहम दाखवतो, ते बरोबरच आहे. पैसे उरले तर पहिला बदल स्पीकरचाच करा. ३ डीबी जास्त सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठा वाजणारा) स्पीकर म्हणजे अँपचे वॅट दुप्पट केल्यासारखं. अँपवर लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा कधीच लावू नका.

गिटारची मान आधी. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर साधारण पाव मिलिमीटर फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, त्याहून जास्त एका वेळी नाही. रॉडचा नट गंजून गच्च बसला असेल किंवा चावीची खाच झिजली असेल तर ती गिटार घेऊ नका. ब्रिजच्या सॅडलचे (तार टेकते त्या तुकड्यांचे) गंजलेले बारीक स्क्रू मात्र पेनिट्रेटिंग ऑइलचा थेंब टाकून रात्रभर ठेवल्यावर बहुधा सुटतात. पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) तपासायला केबल गिटारला लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा) साधारण साडेपाच ते सात हजार, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) सात ते सोळा हजार. व्हॉल्यूम पॉटच्या रेझिस्टन्सएवढा, म्हणजे अडीच किंवा पाच लाख ओहमच्या आसपास आकडा आला, तर कॉइल तुटलेली.

पॉट बदलायचे तर सिंगल कॉइलला २५० के (के म्हणजे हजार ओहम), हंबकरला ५०० के. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज दबका होत असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायात १५० के रेझिस्टर आणि ०.००१ मायक्रोफॅरड कपॅसिटर समांतर जोडा. खर्च चहाएवढा, फरक स्पष्ट.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या घरांत आणि चवथीच्या मांडवात जनरेटरवर ते नसतं किंवा नावापुरतं असतं. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गिटार आणि माइकचं अर्थिंग वेगवेगळं असलं तर ओठ माइकला लागताच झटका बसतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं ठीक. वाढली तर गिटारचं किंवा घरचं वायरिंग तपासून घ्या.

जून ते सप्टेंबर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि अँप आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू ठेवून सगळे नॉब फिरवा.