वाचक विचारतात: सोलो सोडून बडी रिचचा बँड

प्रश्न: आम्ही चार मित्र अमेरिकी जॅझ ड्रमर बडी रिचच्या बिग बँडचे (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचे) जुने चाहते. भेटलो की आठवणी निघतात आणि दरवेळी कुठल्या तरी ड्रम-सोलोपाशी येऊन अडकतात. आमच्यातला एक तर म्हणतो, बँड म्हणजे सोलो सुरू होईपर्यंतचा टाइमपास. तुम्हाला पटतं का?

उत्तर: मुळीच नाही. मी हौशी बँडमध्ये बरीच वर्षं ट्रम्बोन वाजवला, त्यामुळे माझं मत ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेट-ट्रम्बोन अशा पितळी वाद्यांच्या रांगेत बसून झालेलं आहे, एवढं लक्षात ठेवा. आम्हाला सुराआधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो. तो नेमका कधी घ्यायचा हे कागदावर लिहिलेलं नसतं, ते ड्रमरकडून कळतं. मला लाभलेले ड्रमर बहुतेक आमच्या मागून धावत यायचे. बडी मात्र ब्रास येण्याच्या जरा आधी स्नेअर या समोरच्या छोट्या ड्रमवर असं काही टाकतो, की सगळी रांग एकदम श्वास घेते आणि एकदम सुटते. ट्रम्पेट कापल्यासारखे एकत्र येतात त्याचं निम्मं श्रेय त्या दोन-चार ठोक्यांना आहे.

पुरावा हवा असेल तर मित्राला ‘बिग स्विंग फेस’ या 1967 च्या तबकडीवरचं ‘लव्ह फॉर सेल’ ऐकवा. अरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं याची बांधणी, पीट मायर्सची. त्यात लांबलचक सोलो नाही. दोन वाक्यांमधल्या फटीत बडी काय करतो, तेवढंच ऐकायला सांगा.

हा बँड त्याने काढला तो काळही आठवा. 1966 साल, सगळीकडे रॉक, मोठे बँड चालवणं परवडेनासं झालेलं. अशा वेळी पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस ट्रम्पेटवादक हॅरी जेम्सच्या बँडमधली चांगली जागा सोडतो आणि स्वतःची फौज उभी करतो! पहिली तबकडी हॉलिवूडच्या ‘शे’ क्लबमध्ये झाली. बिल रेडीने बांधलेली ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेतल्या गाण्यांची मेडली (गुंफण) त्याच तबकडीवर आहे. तुम्ही चौघे तिच्या सोलोबद्दलच बोलत असणार, आणि तो आहेच तसा. पण 1968 मध्ये लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘चॅनल वन स्वीट’ मला त्याहून वरचा वाटतो. डॉन मेंझाचा टेनर सॅक्सोफोन एकटा बोलतो तेव्हा बडी हात आवरून बसतो. सॅक्सच्या रांगेत तेव्हा आर्ट पेपरसारखा नामवंत सॅक्सोफोनवादकही होता. टाइमपाससाठी कोणी अशी माणसं जमवत नाही.

प्रश्न: बडीला नोटेशन वाचता येत नव्हतं म्हणतात. मग इतक्या गुंतागुंतीच्या अरेंजमेंट त्याला कशा जमायच्या?

उत्तर: ऐकून. नवी अरेंजमेंट आली की तालमीत दुसरा ड्रमर बसायचा, बडी समोर ऐकत राहायचा आणि मग स्वतः बसून वाजवायचा, असं त्याच्याबरोबरचे वादक सांगत आले आहेत. दीड-दोन वर्षांचा असल्यापासून तो आईवडिलांबरोबर वॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या खेळांच्या रंगमंचावर ड्रम वाजवत होता, कान तिथेच तयार झाला. मला तर वाटतं, डोळे कागदात नसल्यामुळेच त्याला अख्खी रांग ऐकू यायची.

प्रश्न: बँडच्या दौऱ्याच्या बसमध्ये बडी वादकांवर ओरडतोय अशा टेप ऐकल्या. मन खट्टू झालं.

उत्तर: व्हायलाच हवं. काही जण त्या टेप विनोद म्हणून ऐकतात, मला हसू येत नाही. रांगेतली पोरं बरीचशी संगीत कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली होती. तरीही स्टीव्ह मार्कससारखा टेनर सॅक्सोफोनवादक, 1987 मध्ये बडीचं निधन होईपर्यंत, त्याच्याबरोबर राहिला, हेही त्याच बँडमधलं आहे.

प्रश्न: उस्ताद अल्ला रखाँबरोबरची तबकडी घ्यावी का?

उत्तर: ‘रिच आ ला रखा’, 1968. संगीत पंडित रविशंकरांचं, बासरीवर पॉल हॉर्न. कुतूहल असेल तर जरूर घ्या. पण त्यात बिग बँड नाही, आणि समोर ब्रासची रांग नसली की मला बडी थोडा बेकार बसल्यासारखा वाटतो. तबल्याचे रसिक माझ्याशी भांडतील. पत्रं येऊ द्या.