मांजर ‘गेलं’, ‘वारलं’ की ‘निधन पावलं’?

प्रश्न असा आला आहे: आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंची चिमी नावाची मांजर गेली. सगळ्यांच्या वतीने सांत्वनाचं कार्ड द्यायचं आहे. त्यावर ‘चिमीचं दुःखद निधन’ असं लिहावं का? ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चालेल का? आणि चिमीला ‘ती’ म्हणायचं की ‘ते’? जड शब्द वापरले तर चेष्टा केल्यासारखं वाटेल आणि साधे वापरले तर दुःखाची कदर नाही असं वाटेल, ही विचारणाऱ्याची धास्ती आहे.

धास्ती रास्त आहे, कारण मरणाच्या क्रियापदांत मराठी भाषा माणूस आणि जनावर वेगळं काढते. माणूस वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते, त्याचं निधन होतं. जनावर मरतं, नाहीतर दगावतं. ‘दगावणे’ आजारी माणसाबद्दलही म्हणतात, पण त्याला बातमीचा वास आहे. साथीत जनावरं दगावली, असा. ‘चिमी मेली’ व्याकरणाने शुद्ध आहे, तरी कार्डावर नको. ‘मेला’, ‘मेली’ हे शब्द आपण रागातही इतके वापरतो की कागदावर ते कठोर दिसतात. ‘चिमी वारली’ वाचताना वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि शोकाच्या घरी तेवढं अडखळणंही टाळावं.

उरतं ते ‘जाणे’. आजी गेली, बैल गेला, चिमी गेली. हे क्रियापद कोणाला वर-खाली करत नाही, म्हणून तेच वापरा. अपवाद एकच: बाई स्वतः ‘देवाघरी गेली’ किंवा ‘वारली’ म्हणत असतील, तर त्यांचाच शब्द उचला. ज्याचं दुःख त्याचा शब्द.

‘श्रद्धांजली’ची अडचण वेगळी आहे. प्राण्याला श्रद्धांजली वाहू नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण श्रद्धांजली वाहायची ती गेलेल्या जिवाला, आणि कार्ड वाचणार आहेत मागे राहिलेल्या बाई. ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’चंही तसंच. सांत्वनाचं वाक्य जिवंत माणसाशी बोलायला हवं. इंग्रजीवरून बेतलेलं ‘तुमच्या नुकसानाबद्दल खेद वाटतो’ तर टाळाच. नुकसान पिकाचं होतं, मालाचं होतं.

आता ‘ती’ की ‘ते’. ‘मांजर’ हा शब्द बहुतेक जण नपुंसकलिंगी वापरतात, म्हणून ‘ते मांजर खूप गोड होतं’ हे वाक्य सहज लिहून जातं. पण बाईंच्या घरात ‘ते मांजर’ कधी नव्हतंच, चिमी होती. नाव घ्या आणि पुढे ‘ती’ म्हणा. कुत्रा, ससा, कासव, पोपट, कोणीही असो, घरचे ‘तो’ म्हणत असतील तर ‘तो’, ‘ती’ म्हणत असतील तर ‘ती’. माहीत नसेल तर कोणाला तरी हळूच विचारून घ्या. चुकीचं लिंग लिहिलेलं कार्ड परक्याचं वाटतं. ‘तुमचा पाळीव प्राणी’ हा शब्दप्रयोग अर्जात शोभेल, इथे नाही.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते काळाबद्दल. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे: यायची, बसायची, ओरडायची. नेहमी घडत असे आणि आता घडत नाही, एवढं सगळं त्या एका ‘-यची’त मावतं. ‘चिमी प्रेमळ होती’ कोणत्याही मांजराबद्दल लिहिता येतं. ‘तुम्ही फोनवर बोलायला लागलात की चिमी मध्येच म्याव करायची, आम्हाला इकडे ऐकू यायचं’ हे फक्त चिमीबद्दल लिहिता येतं. जुन्या वळणाचं ‘करी’, ‘बसे’ हेही रीतिभूतच, पण ते गोष्टीतल्या प्राण्याचं वाटतं. बोलण्यातलं ‘करायची’च ठेवा.

आणि छोट्या शब्दांना जपा. कार्डं मोठ्या शब्दांपेक्षा यांनीच बिघडतात. ‘निदान चौदा वर्षं तरी जगली’ यातले ‘निदान’ आणि ‘तरी’ हिशेब मांडतात. ‘शेवटी वय झालंच होतं’ यातलं ‘शेवटी’ विषय संपवतं. ‘मांजरच होती’ यातला ‘च’ तर फार लागतो. ‘सुटली बिचारी’ हे दुखण्याने खंगलेल्या जिवाबद्दल मायेनेच म्हटलं जातं, पण ते म्हणायचा हक्क घरच्यांचा. दयामरणाचा निर्णय घ्यावा लागला असेल, तर तो शब्द कार्डावर नको. त्या घरात अपराधीपणा आधीच असतो. ‘तुम्ही शेवटपर्यंत तिच्याजवळ होतात’ हे खरं असेल तर तेवढंच लिहा. ‘दुसरी आणा’ आज नाहीच.

सगळं मिळून मजकूर साधारण असा होईल:

‘चिमी गेल्याचं कळलं आणि फार वाईट वाटलं. तुम्ही फोनवर असलात की ती मध्येच बोलायची, तो आवाज आम्हालाही सवयीचा झाला होता. तुम्हाला तिचा किती लळा होता हे आम्ही पाहिलं आहे. या दिवसांत कामाचं काही आमच्याकडे द्यावंसं वाटलं तर मोकळेपणाने सांगा.’

शेवटचं वाक्य खरंच पाळणार असाल तरच लिहा. ‘काही लागलं तर कळवा’ यापेक्षा ते बरं, कारण त्यात काय मागता येईल हे ठरलेलं आहे.

सगळ्यांनी मिळून सही करायची असेल तर मजकूर ‘आम्ही’ने लिहा आणि खाली प्रत्येकाला एखादी ओळ ‘मी’ने लिहू द्या. ज्यांनी चिमीला पाहिलंच नाही, त्यांनी आठवण रचू नये. त्यांच्यासाठी एवढं पुरे आहे: ‘मी चिमीला कधी भेटले नाही, पण तुमच्या बोलण्यातून ती माझ्या ओळखीची झाली होती.’